दोनशे बारा शीर्षकांचं खोकं

ठराव क्रमांक अठरा एकमताने मंजूर झाला, याचं कारण तो कोणी नीट वाचलाच नव्हता. सार्वजनिक वाचनालयाच्या व्यवस्थापन समितीने न वाचता मंजुरी द्यावी यात काही विसंगती आहे, असं समितीला कधी वाटलं नाही. एका कंपनीचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘आमची दोनशे बारा शीर्षकांची लायब्ररी आपल्या सभासदांसाठी विनामूल्य उपलब्ध करून देण्याची आमची इच्छा आहे. अधिक व्यापक वर्गापर्यंत पोचणे हा हेतू.’ अध्यक्षांनी ‘दोनशे बारा शीर्षके’ एकदा वाचलं, ‘विनामूल्य’ दोनदा वाचलं आणि लगेच सांगितलं, “लिहा. सदर शीर्षके दाखल करून घ्यावीत, प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड करावे व ती वाचकांस खुली करावीत.”

ग्रंथपालांनी दोनशे बारा पुस्तकांसाठी एक कपाट रिकामं केलं, आतून पुसलं आणि वाळवीचं औषध मारून दोन दिवस उघडं ठेवलं. ग्रंथपाल नेमके गृहस्थ होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं होतं, आणि त्याची तारीख त्यांना पाठ होती. घरी मीठ-साखरेच्या डब्यांनाही त्यांनी क्रमांक दिले होते. बायको डबे तसेच ठेवून आतला माल बदलत असे.

सोमवारी सकाळी आलं ते एक खोकं. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं. सोबत कंपनीची प्रतिनिधी, वय जेमतेम पंचवीस, गळ्यात ओळखपत्र.

“बाकीचा टेम्पो कधी येतोय?” ग्रंथपालांनी विचारलं.

“बाकीचा म्हणजे, सर?”

“पुस्तकांचा.”

“पुस्तकं नाहीत सर. गेम्स आहेत. लायब्ररी म्हणजे गेम्सची लायब्ररी. सगळी यातच आहे.”

ग्रंथपालांनी खोकं उचलून पाहिलं. दोनशे बारा शीर्षकांच्या मानाने ते फारच हलकं होतं. त्यांनी ते उलटं करून खालची बाजूही पाहिली; तिथे एक इशारा होता, की हे उलटं करू नये.

त्यांनी तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ठरावात ‘पुस्तके’ असा शब्द आहे का?”

“नाही. ‘शीर्षके’ आहे.”

“खोक्यात शीर्षकं आहेत का?”

“आहेत म्हणतात.”

“मग ठराव बरोबर आहे. तुमचं काय चुकतंय ते बघा,” असं म्हणून अध्यक्षांनी फोन ठेवला.

एरवी ग्रंथपालांनी खोकं परत पाठवलं असतं. पण दिवस वाईट होते. तळमजल्यावरचा वाचनकक्ष नगर कार्यालयाच्या जुन्या फायलींच्या डोळ्यांत भरला होता. फायलींना डोळे नसतात, पण अभिलेख विभागाच्या प्रमुखांना होते. शेवटी असं ठरलं, की चार महिन्यांनी, शेवटच्या शुक्रवारी, दुपारी चार वाजता तपासनीस येईल आणि कक्षातले वाचक मोजेल. साठ भरले तर कक्ष राहील. एकोणसाठ भरले तर फायली येतील आणि वाचकांनी जिन्याखालच्या बाकावर बसावं. सध्या आकडा होता एकोणीस. त्यातले चार पंख्यासाठी येत, दोघे घरच्यांना चुकवायला येत आणि एक गृहस्थ गेली सहा वर्षं एकाच मासिकाच्या एकाच पानावर डोकं ठेवून झोपत.

“आमचंही तसंच आहे हो, सर,” प्रतिनिधी तारा जोडता जोडता म्हणाली. “घेणारे सगळे एकाच छापाचे. पंधरा ते पंचवीस. त्यांच्याकडे आधीच आहे. बाकीचं जग आमच्याकडे फिरकतच नाही. का, ते आमच्या मोठ्या साहेबांनाही कळलेलं नाही.”

आपल्यासारखंच कोणाचं तरी होतंय, हे ऐकून माणूस जेवढा सुखावतो तेवढे ग्रंथपाल सुखावले.

कक्षाच्या भिंतीवर एक भलामोठा टीव्ही होता. एका माजी अध्यक्षांनी स्वतःची भाषणं दाखवायला तो बसवून घेतला होता, आणि तेव्हापासून वाचकांनी त्या भिंतीकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती. प्रतिनिधीने तार त्याला जोडली, दोन रिमोट टेबलावर ठेवले, “काही लागलं तर फोन करा, सर,” म्हणाली आणि गेली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कक्षात झोपलेले गृहस्थ सोडून कोणी नसताना, ग्रंथपालांनी पहिलं शीर्षक उघडलं. यादीत पहिलं म्हणून पहिलं. त्यांचा निवडीवर विश्वास नव्हता, क्रमावर होता.

पडद्यावर एक टेकडी आली. टेकडीवर गवत. गवतात पाठमोरा एक माणूस. ग्रंथपाल तो काही करेल म्हणून थांबले. तो ग्रंथपाल काही करतील म्हणून थांबला. दोघेही सभ्य असल्यामुळे बराच वेळ काहीच झालं नाही. मग वारा सुटला. टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गवत एका बाजूला झुकलं, पण सगळं एकदम नाही. एक पातं आधी, शेजारचं जरा मागून, त्यामागचं आणखी मागून. ढगाची सावली टेकडी चढून गेली. दूर खाली एक नदी होती, नदीपलीकडे गाव, गावातल्या एका घराच्या खिडकीत कोणीतरी दिवा लावला.

ग्रंथपाल उभेच राहिले. तो माणूस कंटाळून खाली बसला, त्याने जांभई दिली, ग्रंथपालांनीही दिली. ज्याने एकतीस वर्षं हाताने कार्डं लिहिली आहेत त्याला मेहनत लांबून ओळखू येते. हे गवत कोणीतरी बसून लावलंय, हे त्यांना कळलं. आणि तो पलीकडचा दिवा, जिथपर्यंत शंभरातला एकही जण जाणार नाही, तोही कोणीतरी लावून ठेवलाय. अशी मेहनत त्यांनी फक्त कोशांच्या तळटीपांत पाहिली होती.

त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत गेला. बायकोने झाकण उघडून पाहिलं आणि कपाळावर हात ठेवला. “ताप नाही. मग झालंय काय?”

“गवत बघत होतो.”

“एकतीस वर्षांनी बाहेर पडलात एकदाचे!”

“बाहेर कुठे? आतच होतो.”

बायकोने पुढे काही विचारलं नाही. काही उत्तरं वाढवत नेण्यात अर्थ नसतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी समजलं होतं.

आता कार्डांचा प्रश्न. कंपनीने आपल्या खेळांची वर्गवारी केलेली होती: ॲक्शन, ॲडव्हेंचर, स्ट्रॅटेजी, सर्व्हायव्हल. ग्रंथपालांनी ती यादी संध्याकाळी घरी वाचून दाखवली. त्या वेळी वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाकाही येऊन बसले होते. चौतीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता इमारतीतल्या प्रत्येकाचं आयुष्य मागच्या सीटवरून चालवत होते.

“माझं ऐका, भाऊ,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “बाहेर पाटी लावा, ‘खेळू नये’. झुंबड उडते की नाही बघा.”

“वाचनालयात खोटी पाटी लागणार नाही.”

“मग साठ माणसंही लागणार नाहीत.”

बायको शेंगा सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मला एक सांगा. भाजीवाल्याने ‘कंदवर्गीय, पर्णवर्गीय, वेलवर्गीय’ असे ढीग लावले तर मी घेईन का भाजी? मला कळायला हवं, पटकन शिजेल का, चौघांना पुरेल का, आणि उद्यापर्यंत टिकेल का. तुमच्या त्या ॲक्शनमध्ये करायचं काय असतं, ते लिहा ना सरळ.”

ड्रायव्हरकाका म्हणाले, “हे मी आता म्हणणारच होतो.”

ग्रंथपालांनी यादी मिटून ठेवली. पण दुसऱ्या दिवशी कार्डावरचे ‘लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या’ हे रकाने खोडून त्यांनी नवे रकाने आखले: ‘काय करायचे’, ‘घाई आहे का’, ‘कोणासाठी’. आणि नियमाप्रमाणे, पाहिल्याशिवाय कार्ड नाही. पुढचे सात आठवडे जेवणाच्या सुट्टीत आणि वाचनालय उघडण्याआधीचा एक तास त्यांनी शीर्षकं पाहिली. ते कड्यावरून पडले, त्यांना साप चावला, एका अतिशय सौम्य दिसणाऱ्या बदकाने त्यांना तलावात ढकललं. एकूण सहाशे एक्केचाळीस वेळा त्यांचा अंत झाला, नोंद आहे.

कार्डं अशी झाली:

‘दाखल क्र. ४७. काय करायचे: बस चालवणे. घाई आहे का: वेळापत्रक आहे. कोणासाठी: ज्यांना रस्ता आवडतो.’

‘दाखल क्र. ८८. काय करायचे: दुसऱ्याचे घर आवरणे. घाई: नाही. कोणासाठी: ज्यांचे स्वतःचे आवरून झाले आहे.’

‘दाखल क्र. ११२. काय करायचे: धावणे. कशासाठी: समजले नाही.’

‘दाखल क्र. १५१. काय करायचे: बेटावर जुनी पत्रे पोचवणे. घाई: पत्रे चाळीस वर्षे उशिरा आहेत, आता घाई कसली. कोणासाठी: कोणासाठीही.’

कार्डांचा खण दारापाशी ठेवला. लोकांनी खेळाला हात लावण्याआधी कार्डं वाचायला सुरुवात केली. काहीजण तर नुसती कार्डं वाचून, हसून, घरी जाऊन दुसऱ्याला घेऊन येत.

दरम्यान नगर कार्यालयाच्या दाखल विभागाचं पत्र आलं. प्रत्येक शीर्षकावर वाचनालयाचा शिक्का आवश्यक असून दुसरा शिक्का नियमानुसार सतराव्या पानावर असावा. ग्रंथपालांनी उलट लिहिलं, की सदर शीर्षकांना पाने नाहीत. उत्तर आलं: पाने नसल्यास, पाने नसल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. सक्षम अधिकारी कोण, अशी विचारणा केली तेव्हा कळलं, की ग्रंथपाल. त्यांनी स्वतःकडे अर्ज केला, दोन दिवस विचाराधीन ठेवला, एक त्रुटी काढली, ती दूर केली आणि दाखला दिला. शिक्का मात्र कुठेतरी मारणं भाग होतं. त्यांनी तो दोन्ही रिमोटच्या पाठीवर मारला.

जांभळी शाई. प्लास्टिकवर ती वाळत नाही. तीन दिवसांत प्रत्येक खेळणाऱ्याच्या तळहातावर ‘वाचनालयाची मालमत्ता’ उमटलं. ते उलटं उमटत असल्यामुळे सरळ पाहून वाचता येत नसे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण कोपऱ्यावरच्या टेलरबाई आरशासमोर उभं राहून केस सारखे करत असताना मागे उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याने ते स्वच्छ वाचलं. तो तडक वाचनालयात आला. भांडायलाच आला होता, पण आत त्या वेळी दाखल क्रमांक ८८ चालू होतं. एका परक्या घरातली भांडी कुठल्या फळीवर लावावीत यावर नऊ माणसं वाद घालत होती. तो दारात थांबला, दोन मिनिटांनी म्हणाला, “कढई वर नाही ठेवत कोणी, खाली ठेवा,” आणि बसला. तो दहावा.

आकडा एकोणीसवरून एकतीस झाला, मग चव्वेचाळीस. दाखल क्रमांक ४७ ला ड्रायव्हरकाका आले. यायच्या आधी त्यांनी सगळ्या इमारतीला बजावलं होतं, की खोटी बस आपण चालवणार नाही. पहिली दहा मिनिटं त्यांनी फक्त चुका काढल्या. आरसा चुकीचा, क्लच कुठाय, या थांब्यावर एवढी माणसं नसतात. मग रस्ता वळला आणि डाव्या हाताला समुद्र आला. काकांचं बोलणं थांबलं. चौतीस वर्षं त्यांनी एकच मार्ग चालवला होता: आगार ते पाण्याची टाकी, आणि परत. गाडीचा वेग त्यांनी हळूहळू कमी केला, एका रिकाम्या थांब्यावर ती उभी केली आणि रिमोट मांडीवर ठेवून समुद्राकडे बघत बसले. पडद्यावर वेळापत्रकाचा लाल आकडा लुकलुकू लागला.

“काका, उशीर होतोय,” कोणीतरी म्हणालं.

“होऊ दे,” ड्रायव्हरकाका म्हणाले. हे शब्द ते नोकरीत एकदाही बोलले नव्हते.

आणि सिस्टर आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. वय एकाहत्तर, आवाज असा की भरलेला वॉर्ड गप्प व्हावा. त्यांनी आधी सगळी कार्डं तपासली आणि एक रकाना कमी असल्याचं सांगितलं: ‘मृत्यू’.

“किती जण मरतात ते आधी कळलं पाहिजे. मी आयुष्यभर पाहिलेत. आता फुकट नको.”

रकाना वाढवला. दोनशे बारापैकी सदतीस शीर्षकांत ‘मृत्यू: नाही’ असं निघालं, आणि ती सदतीस कार्डं महिन्याभरात इतकी हाताळली गेली की दोनदा नव्याने लिहावी लागली. सिस्टरनी १५१ निवडलं, चाळीस वर्षं पडून राहिलेली पत्रं बेटावर घरोघर पोचवण्याचं. त्यातला मजकूर कंपनीने आपल्या भाषेतही दिला होता. सिस्टर रोज दुपारी येत, एक पत्र पोचवत, एकच, आणि उठत. त्यांच्यासोबत त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या आया, त्यांच्या बहिणी, बहिणींच्या जावा येऊ लागल्या. एकूण पत्रं चाळीस. एकोणचाळीस पोचली तेव्हा सिस्टरनी शेवटचं पत्र आठवडाभर तसंच पिशवीत ठेवलं. “संपवायची घाई नाही,” म्हणाल्या. आकडा एकसष्ट झाला.

प्रतिनिधी भेटीला आली तेव्हा दारातच थबकली. तिने खण उघडून एकेक कार्ड वाचलं, मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि म्हणाली, “सर, आम्ही सगळीकडे लिहिलं, की गेम किती भारी आहे. गेममध्ये करायचं काय, हे कोणी लिहिलंच नाही.” ग्रंथपालांनी, ही कल्पना मुळात भाजी निवडताना निघाली, हे सांगितलं नाही. माणूस कितीही नेमका असला तरी कुठे थांबावं हे त्याला कळतं.

मग त्यांनी ती चूक केली. ती दुसरा कोणी करूच शकला नसता.

तपासणी शुक्रवारी होती. मंगळवारी सकाळी ग्रंथपालांनी खोक्याची वार्षिक तपासणी काढली. वर्ष झालं नव्हतं, पण तपासनीस येणार म्हटल्यावर त्यांचा हात शिवशिवत होता. यंत्राच्या आत एका यादीत त्यांना दिसलं, की १५१ या शीर्षकाच्या नावाने दोन नोंदी आहेत. एक नुसती, दुसरीपुढे तारीख आणि ३९. एकाच शीर्षकाच्या दोन प्रती! दाखल मात्र एकच. नियम क्रमांक बावीस अगदी स्पष्ट आहे: दुबार प्रत आढळल्यास जुनी, वापरलेली प्रत बाद करावी. यंत्राने विचारलं, ‘नक्की?’ ग्रंथपालांना असा प्रश्न अपमानास्पद वाटला. त्यांनी ‘हो’ दाबलं आणि नोंदवहीत लिहिलं: ‘दुबार प्रत बाद केली.’

दुपारी सिस्टर आल्या. १५१ उघडलं. पिशवीत चाळीस पत्रं.

ग्रंथपालांना काय झालं ते कळायला अर्धं मिनिट लागलं, आणि कळलं तेव्हा त्यांनी, सवयीने, आधी नियम सांगितला.

“नियम बावीस, सिस्टर... दुबार प्रत...”

“ती प्रत नव्हती, ग्रंथपाल,” सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. “ती माझी खूण होती. मी कुठवर आले त्याची. लोक पुस्तकात घालतात तशी.”

त्यांनी पर्स उचलली आणि गेल्या. मागून आया गेल्या, बहिणी गेल्या, जावा गेल्या. बुधवारी आकडा बत्तीस. गुरुवारी सव्वीस.

“वाचकाने पानात घातलेली खूण काढून टाकली,” गुरुवारी संध्याकाळी ग्रंथपाल घरी म्हणाले. “एकतीस वर्षांत कोणाचं दुमडलेलं पान मी सरळ केलं नाही.” जेवणात साखरेऐवजी मीठ आलं होतं, त्यांनी ते निमूट खाल्लं. बायकोला हे भलतंच गंभीर वाटलं.

“नियम सांगितला असेल तुम्ही.”

“सांगितला.”

“आता जाऊन माफी मागा. तोंडी. अर्ज नको.”

ते गेले. सिस्टरचं दार बंद होतं. आत रेडिओ चालू होता, म्हणजे त्या होत्या. दारापुढे उभं राहून त्यांनी सबंध माफी मागितली. रेडिओचा आवाज थोडा वाढला.

ड्रायव्हरकाका जिन्यात भेटले. “भाऊ, माझं ऐका. जी गाडी आपण चुकवली ती आपणच परत आणायची असते. ती पत्रं तुम्ही पोचवा. बसा आणि खेळा.”

“मला येत नाही. मला बदकाने तलावात ढकललंय.”

“सगळ्यांना माहिताय. म्हणूनच म्हणतो.”

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ग्रंथपालांनी शर्टाची वरची गुंडी लावली, खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि १५१ उघडलं. सिस्टरचं एक तरी पत्र पुन्हा जागेवर पोचवू, एवढाच त्यांचा हेतू होता. चार वाजता फायली येणार हे ते जवळजवळ धरून चालले होते; पहिल्या खेपेच्या फायली तर बाहेर हातगाडीवर उभ्याच होत्या. तिकडे ड्रायव्हरकाका मात्र इमारतीत, कोपऱ्यावर, दवाखान्याच्या फाटकात सांगत सुटले होते, “ग्रंथपाल खेळतायत. या बघायला.”

बघण्यासारखं होतंच. पत्र पाठीवर घेऊन ग्रंथपाल धक्क्यावरून सरळ पाण्यात गेले. वर आले, पुन्हा गेले. एका बंद दारावर त्यांनी तेरा वेळा डोकं आपटलं. एका बकरीला त्यांनी पत्र दिलं. बकरीने घेतलं नाही. मागून टेलरबाईंच्या नवऱ्याला राहवेना. “अहो, पायवाट दिसत नाही का? पायवाटेने!” झोपणारे गृहस्थ सहा वर्षांत पहिल्यांदा उठून पुढे येऊन बसले. खुर्च्या संपल्या. लोक खिडक्यांत बसले. प्रत्येकजण ग्रंथपालांना काही ना काही शिकवत होता आणि ग्रंथपालांच्या कानांची लाली मानेपर्यंत उतरली होती. एवढ्या लोकांसमोर एवढं चुकायची त्यांची ही पहिलीच वेळ, पण त्यांनी रिमोट खाली ठेवला नाही.

ते तिसऱ्यांदा विहिरीला प्रदक्षिणा घालत असताना दारातून तो आवाज आला, ज्याने भरलेला वॉर्ड गप्प होत असे.

“विहिरीच्या मागे! मागे निळं दार आहे. आणि पळू नका, म्हातारी घाबरते.”

ग्रंथपालांनी वळून पाहिलं नाही. तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. पण पळायचे थांबले. विहिरीमागे निळं दार होतं. दार उघडलं. आत खाटेवर एक म्हातारी बसली होती. तिने पत्र घेतलं, चष्मा शोधला, सापडला नाही, आणि पत्र उलट ग्रंथपालांच्याच पुढे धरलं. आता ते पत्र सगळ्या पडद्यावर उघडलं, मोठ्या, सावकाश अक्षरांत.



‘आई, बोट उशिरा निघते आहे. माझ्यासाठी उपाशी राहू नकोस. जेवून घे. जेवण झालं की मात्र वाट बघ.’

बटण दाबलं की पान उलटतं, हे ग्रंथपालांना आता माहीत होतं. त्यांनी सवयीने मागे पाहिलं, कोणाचं वाचायचं राहिलंय का ते बघायला. आणि बटणावरचा अंगठा तसाच राहिला.

भिंतीला पाठ करून बसणारी सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून बसली होती. आया, जावा, टेलरबाई, त्यांचा नवरा, हातगाडीवाले दोघे, ज्यांना फायली उतरवायच्या होत्या. काहींचे ओठ हलत होते. एक आजीबाई अक्षरावरून अक्षरावर बोट हवेत फिरवत होत्या. ड्रायव्हरकाकांनी टोपी काढून हातात घेतली होती. सिस्टर दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना हे पत्र पाठ होतं, तरी त्या वाचत होत्या. ग्रंथपालांनी आयुष्यात लाखभर पानं लोकांच्या हाती दिली होती, प्रत्येकाला वेगळं, प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यात नेऊन वाचायचं. एवढी माणसं एकच पान, एकाच वेळी, श्वास रोखून वाचताना त्यांनी पाहिली नव्हती. अशी गोष्ट होऊ शकते हेही त्यांना माहीत नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तपासनीस केव्हाचा येऊन मागच्या रांगेत उभा होता, हे कोणाला कळलंही नव्हतं. त्याच्या हातात तक्ता होता. तक्त्यात एकच रकाना होता: ‘प्रत्यक्ष वाचन करताना आढळलेले.’ पंचाऐंशीपर्यंत मोजून त्याचं पेन थांबलं होतं आणि तो पडद्याकडे बघत होता.

आता सगळ्यांचं झालं असेल, असं समजून ग्रंथपालांनी अंगठा हलवला.

“थांबा,” तपासनीस मागून म्हणाला. “उलटू नका. माझं अजून व्हायचंय.”